खाडीचा भाव

मूळचा मी हुपरीचा बघा पावणं, घरात सगळी चांदीची पैंजणं घडवणारी, आजा तर असं पैंजण करायचा की म्हशीला घातलं तर म्हैस फड गाजवंल. पर मला बायको मिळाली कोकणातली, खाडीकाठची, सासुरवाडीच्या पहिल्याच जेवणात चिंबोरी, म्हणजे खाडीचा खेकडा, खाल्ली आणि चांदी सोडली, कोल्हापुरात मासळीचा गाळा घातला. मेहुणा अस्लम खाडीत जाळं टाकायचा, माल मला धाडायचा. चिंबोऱ्या कसल्या, काय सांगू तुम्हाला, एकीनं टेम्पोचं स्टेअरिंग धरलेलं, डायवर बाजूला बसून आलता.

मग खाडीत कारखान्याचं घाण पाणी सुटलं. चिंबोरी फोडली की रॉकेलचा भपका.

एका रविवारी गाळ्यावर सरकारनं धाडलेली एक शिकलेली पोरगी आली, म्हणाली खाडी साफ ठेवायला महिन्याला किती द्याल ते लोकांना विचारायचं, सगळ्यांचं मिळून खाडीचं मोल निघंल, ते खर्चाच्या वर गेलं तर खाडी साफ हुईल. अस्लम त्या दिवशी हितंच, कान टवकारून उभा. पहिलं गिऱ्हाईक गळ्यात कासऱ्याएवढी सोन्याची साखळी घालून आलेलं, म्हणालं तुमचा भाव बोला. ती म्हणाली भाव तुम्हीच सांगायचा काका. झालं! आमच्यात तुम्हीच सांगा म्हटलं की माणूस निम्म्याच्या निम्म्यातनं सुरवात करतोय. पन्नास म्हणाला आणि थांबला, ही वर चढवंल म्हणून. ती लिहून मोकळी. मागची काकू म्हणाली पन्नास? लुटतीस व्हय गं, वीस घे आणि वर दोन लिंबं टाक. तिसरा म्हणाला खाडी कोकणात, मी का देऊ? मी बोंबललो, अगं पोरी, ही किंमत न्हाय, ही घासाघीस हाय की! ती म्हणाली मामा, बोलले तेच लिहावं लागतं.

मग तिनं अस्लमला विचारलं, तुम्ही किती द्याल? तो म्हणाला मी काय देऊ ताई, मी तिथंच राहतो. तिनं शून्य मांडलं.

पुढं कळलं, साफ करायचा खर्च मोलापरास जास्त भरला, म्हणून सायब लोक राहू दे म्हणाले. थू असल्या हिशोबावर, आणि त्या वीसवाल्या तोंडांवर बी! ह्याच तोंडांनी वर्षानुवर्षं खाडी चाटून पुसून खाल्ली की.

आता अस्लम त्याच कारखान्याच्या फाटकावर शिट्टी घेऊन उभा असतोय. माझ्या गाळ्यावर लांबनं आलेला बर्फातला मासा. ईदला अस्लम आलता, ताटात त्योच मासा वाढला तर हात लावला न्हाय, म्हणाला दुल्हेभाई, हे तुम्हीच खा. मी खाल्ला. धंदाच हाय आपला. तुम्ही बी न्या पावणं, अल्ला तुमच्या जिभेची चव शाबूत ठेवो, माझी तर गेली.