हवेशीर घर

नाही, पण मला सांगा, सख्ख्या भावाची छाती ठणठणीत निघाली तर माणसाला आनंद व्हायला हवा की नको? हवाच! मग माझ्या पोटात का दुखावं? पण दुखतंय... तुम्हाला सांगतो, सपाटून दुखतंय! दादाचं नशीब, दुसरं काय!

काल डॉक्टरांकडे गेलो. खोकला माझा, दादा नुसता सोबतीला. डॉक्टर दादाला म्हणाले, "आलाच आहात तर तुम्हीही फुंका या नळीत." मी आधी फुंकलं... डोळ्यांत पाणी, कानात शिट्ट्या, पण काटा जागचा हलेल तर शपथ! दादानं चष्मा सावरला, सहज 'फू' केलं, आणि काटा पार टोकाला! माझ्याहून सात वर्षांनी मोठा हो! डॉक्टर मला म्हणतात, "वय चव्वेचाळीस, छाती पासष्टची. सिगारेट ओढता?" अहो, सिगारेट सोडा, मी घरात गॅससुद्धा पेटवत नाही, विचारा हिला! "मग राहता कुठे?" म्हटलं, "चौथ्या मजल्यावर, एकदम हवेशीर!" तर हसले.

आता हे हवेशीर प्रकरण ऐका. एकाच मजल्यावर आम्ही दोघा भावांनी दोन घरं घेतली. पुढच्याला तीन मोठ्या खिडक्या, मागच्याला एकच, तीही गोदामाच्या भिंतीकडे. मी अडूनच बसलो, मला पुढचं! मागं माझा जीव कोंडतो! आईला मध्ये घातलं, दोन दिवस जेवलो नाही. दादा म्हणाला, "घे बाबा, तुला मोकळं लागतं." मी सहा महिने मिशीत हसत होतो. मग समोर कारखाना आला, तीन धुराडी आली, खाली ट्रकचा रस्ता आला... आणि वारा? वारा सगळ्यांना घेऊन सरळ माझ्या घरात! सकाळी पुसलेल्या खिडकीवर दुपारी बोटानं नाव लिहा. पांढऱ्या पडद्यांना पाहुणे म्हणतात, "राखाडी रंग छान निवडलात हो!" आणि तिकडे दादा भिंतीकडे बघत मजेत. दादाचं नशीब, दुसरं काय!

बरं, माझं जाऊ द्या. पण माझी मुलगी, सहा वर्षांची, दिवसातून तीनदा दम्याचा पंप ओढायची. पंधरा दिवस दादाकडे ठेवली, तर पंप एकदाच! घरी आली आणि म्हणाली, "बाबा, मी काकांकडेच राहू? इथं आलं की छातीत मांजर बोलतं." खरं सांगतो, लाज वाटली... आणि जळलोही. पोर माझं, आणि श्वास घ्यायला दादाचं घर?

गेलो तणतणत. तोंड उघडायच्या आत दादाच म्हणतो, "घरं बदलूया का रे? आम्ही दोघंच आहोत, तुझं पोर लहान आहे." घ्या! म्हणजे चांगुलपणातही हाच पुढे! मला धड भांडूही देत नाही हा माणूस! नको म्हटलं. त्या खिडक्यांपाशी दादाला बसवू? एवढा काही मी... नाही हो, नाही बसवता येत.

मग काय, पोर आता तिकडेच असते, आणि रविवारी दुपारी मीही उशी घेऊन जातो. तिघं ओळीनं आडवे. पोरीच्या छातीतलं मांजर गप्प. दादा भरल्या छातीनं घोरतोय. मी जागा, छताकडे बघत. दादाचं नशीब, दुसरं काय! तेवढ्यात वहिनी दारातून विचारते, "भावजी, एकच खिडकी आहे हो आमच्याकडे... जीव कोंडत नाही ना?"

काय सांगणार? म्हटलं, "छे हो वहिनी... एकदम हवेशीर आहे!"