जावई म्हणतो, सासू सांगते

लेस्टर : आजी, त्यांना सांग, गुडघा दुखतोय त्यांचा. एवढा डोंगर चढणं जमायचं नाही.

मॉडी : डल्सी, तुझा जावई म्हणतो, म्हातारीचा मेंदू गुडघ्यात आहे.

लेस्टर : आजी, मी असं कुठं म्हटलं?

मॉडी : मग तूच सांग की तिला.

लेस्टर : सासूशी मी कसा बोलू?

डल्सी : मॉडी, मी झाडाच्या पलीकडं बसलेय, बहिरी नाही झाले.

मॉडी : ऐकू येऊन काय उपयोग? जावयानं सासूकडं बघायचं नाही, बोलायचं नाही. आपल्या आदिवासींचा कायदाच आहे. म्हणून तर आज मला भाव आलाय. बोल, काय सांगू?

डल्सी : विचार त्याला, त्याची ती जंगल राखणारी संस्था माझ्या बापाच्या डोंगरावर हेलिकॉप्टरमधून आग टाकणार म्हणे?

लेस्टर : आजी, नीट सांग हं. गवत कंबरेला लागतंय. आत्ता दंव आहे तोवर थोडं थोडं जाळलं, तर आग मवाळ राहते. उशीर झाला की वणवा थेट कपारीत शिरेल. तिथं खडकावर त्यांच्या वडिलांच्या हाताचा ठसा आहे. खडक तडकला की संपलं.

मॉडी : तो म्हणतो, तुझ्या बापाच्या हाताची तुझ्यापेक्षा त्यालाच जास्त काळजी.

डल्सी : असं? मग विचार त्याला, संस्थेची गाडी दरवर्षी तिकडं जाते, सगळे रेंजर जातात. ज्या डोंगरावर मी वाढले, तिथं मलाच का कुणी नेत नाही?

लेस्टर : गाडी एकच आहे आणि ती मी चालवतो. सासू-जावई एका गाडीत बसणार कसे? मला का हौस आहे त्यांना मागं ठेवायची?

मॉडी : डल्सी, त्याला तुझ्यावाचून करमत नाही म्हणे.

लेस्टर : आजी.

मॉडी : थोडं पदरचं घातलं. मीठ नको का?

डल्सी : सांग त्याला, जिची जमीन तिचा होकार हवा, हे संस्थेनंच ठरवलंय. माझे पाय त्या मातीला लागल्याशिवाय माझा होकार नाही. बाबानं माझ्या हातात काडी दिली होती. आकाशातून नव्हती फेकली.

मॉडी : हे मात्र जसंच्या तसं सांगते. ऐकलंस ना?

लेस्टर : ऐकलं. मग हेलिकॉप्टर राहू दे. मी मागच्या हौद्यात बसतो, मागं तोंड करून. त्या पुढं बसतील. पण गाडी कोण चालवणार?

मॉडी : आण ती किल्ली.

लेस्टर : मागच्या वेळी तू गाडी नदीत घातलीस.

मॉडी : नदीच आडवी आली, त्याला मी काय करू?

डल्सी : सकाळपासून ही याचसाठी काड्या घालतेय. देऊन टाक म्हणावं किल्ली.

(मॉडी किल्ली घेऊन गाडीकडं जाते. झाडाच्या दोन बाजूंना ते दोघं, आणि मधे एक कुत्रं.)

डल्सी : काय रे कुत्र्या, हौद्यात फार धूळ उडते. तोंडाला फडकं बांधायचं म्हणावं.

लेस्टर : कुत्र्या, त्यांना सांग, बांधतो. आणि हेही सांग, मी समुद्राकडचा माणूस. इतकी वर्षं तिथं जातो, पण त्या डोंगराला, तिथल्या पूर्वजांना माझी ओळख कुणी करून दिली नाही. दर वेळी आत पाऊल टाकताना भीती वाटते.

डल्सी : कपारीशी पोचलं की मी बाबाला हाक मारीन, कुत्र्या. सांगीन, हा माझ्या लेकीचा नवरा. ओळखून ठेव.