नानाकाकांची मालगाडी

आमच्या उरणकडचा तो नवा जॉगिंग ट्रॅक पाहिला नसेल, तर एकदा याच तुम्ही. पूर्वी तिथून मालगाडी जायची. आता रूळ काढून काय झकास गुळगुळीत वाट केलीय! एका बाजूला मिठागरं, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि हॉर्न मारणारं कुणी नाही. चालणारा माणूस तिथे राजा.

तर परवा माझ्या धाकट्या भावाची वरात तो ट्रॅक ओलांडून पलीकडच्या गावात चालली होती. पूर्वी फाटक होतं, बरोबर त्याच जागी आमचे नानाकाका थांबले आणि बेंजोवाल्यांना म्हणाले, "वाजवा! माझ्या वरातीला हितंच मालगाडी आडवी आली होती. आज मी हितंच नाचनार!"

आणि नाचले हो! सत्तरीचा माणूस, पण कंबर काय लवत होती! सायकलवाले उतरून बघत राहिले, फिरायला आलेली मंडळी टाळ्या वाजवायला लागली. तिकडून नवरीच्या मामाचे फोनवर फोन, "अहो, मुहूर्त टळतोय!"

मी म्हटलं, "काका, चला आता."

"व्हय रे, हे एकच गानं."

अशी चार गाणी झाली. शेवटी वरातीतून वाट काढत काकू पुढे आल्या आणि कमरेवर हात ठेवून काकांसमोर उभ्या राहिल्या.

"लग्न झाल्यापासून ऐकते, मालगाडी आडवी आली म्हनून तुमची वरात उशिरा आली. आता रूळ न्हाय, फाटक न्हाय. आज कंची मालगाडी आडवी आली?"