अण्णांचा मारवा

रेवती : बंद कर ते मोबाइलवरचं गाणं, जयवंत. तुझ्या त्या शिष्येला, श्रुतिकाला सांग, श्वास घ्यायचाय तर खिडकीत जाऊन घे. रविवारी माझ्या बापाच्या पुण्यतिथीला स्टेजवर बसून नको.

जयवंत : असं काय बोलतेस? त्या जागा अण्णांच्याच आहेत. दोन हजार चारच्या रेकॉर्डिंगमधल्या.

रेवती : जागा म्हणे! थांबायचं, डोळे मिटायचे, मग उपकार केल्यासारखा एक सूर ठेवायचा. पत्रिकेत काय छापलंयस तू? 'चिंतनशील गायकी'! अरे, दमा होता त्यांना. दमा!

जयवंत : माहीत आहे मला.

रेवती : मग तुझ्या क्लासातल्या धडधाकट पोरी धापा टाकत का गातात? अण्णा लंगडत असते, तर तुम्ही सगळे लंगडत जिना चढला असता.

जयवंत : झालं बोलून?

रेवती : नाही झालं. ही अण्णांची एक्याऐंशीची टेप, राग मारवा. माझ्या शौनकने कालच पेन ड्राइव्हवर घेऊन दिली. तान ऐक. एका दमात तीन सप्तकं! हॉलमध्ये हीच वाजवायची. लोकांना कळू दे, गाणं म्हणजे काय.

जयवंत : ही टेप अण्णांनीच ऐकवली होती मला. नाहूरच्या घरी. ऐकता ऐकता स्वतःलाच हसायला लागले. म्हणाले, "मारव्यात सूर्य बुडतोय, आणि याला बस पकडायचीय."

रेवती : काहीही फेकू नकोस.

जयवंत : दम पुरेनासा झाला तेव्हा आधी रडले गं ते. सहा महिने तानपुऱ्याची गवसणी काढली नाही. मग एका संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "लाव. जेवढी हवा आहे, तेवढंच गाऊ. नको ते आपोआप गळेल." ते रेकॉर्डिंग त्यानंतरचं.

रेवती : मला कधी बोलले नाहीत हे.

जयवंत : तू यायचीस कधी? मी दहिसरहून दोन गाड्या बदलून यायचो. तुझ्या मुलुंडला तर लागूनच आहे नाहूर, रेवती.

(रेवती टेप थांबवते.)

रेवती : खरं सांगू? ते दोन हजार चारचं मी पूर्ण ऐकलेलंच नाही.

जयवंत : काय? वीस वर्षं सगळ्यांना सांगत फिरतेस, तो नुसता दमा आहे म्हणून!

रेवती : दोन मिनिटांत बंद केलं होतं. मागे घरघर ऐकू येते रे त्यांची.

जयवंत : येते.

रेवती : मला वाटलं, तुम्ही लोक त्या घरघरीला दाद देताय.

जयवंत : श्रुतिकाबद्दल मात्र तुझं बरोबर आहे. ती थांबे मोजून गाते. मीच तसं शिकवलं. अण्णांसारखं सुचत नाही मला, म्हणून त्यांचे थांबे तेवढे उचलले.

रेवती : लाज वाटायला हवी.

जयवंत : वाटते.

रेवती : लाव.

जयवंत : पुढची तान?

रेवती : दोन हजार चारचं लाव. पहिल्यापासून. आणि पंखा बंद कर.