मागच्या भिंतीचा फुगवटा

ताई : बंद कर. आधी ते मशीन बंद कर, मग बोल.

धाकटा : काय? ऐकू येत नाहीये!

ताई : बटण दाब, कारंजेमहाराज! हां. आता कान मोकळे झाले असतील तर डोळेही उघड. हे काय करून ठेवलंयस?

धाकटा : घर धुतलं आईचं. सकाळपासून राबतोय, आणि तू आल्या आल्या तोंडसुख घ्यायला लागलीस.

ताई : ह्याला धुणं म्हणतात? ये इकडे. दाराच्या ह्या चौकटीवरून हात फिरव. फिरव ना, चावत नाही ती. उलट तीच तुला घाबरलीय.

धाकटा : जरा खरखरीत लागतंय. वाळलं की बसेल.

ताई : वाळलं की कुसळं होतील त्याची. लाकडाचे तंतू उभे केलेस तू. जुन्या लाकडाला साबणाचं कोमट पाणी लागतं, मऊ ब्रश लागतो, आणि रेषा जातात तसा हात न्यायचा असतो. तू आग विझवायला आल्यासारखा फवारा सोडलास.

धाकटा : व्हिडिओतला माणूस सगळं ह्याच मशीननं धुतो. भिंत, गाडी, कुंपण...

ताई : त्याला मशीन विकायचंय. तुला काय विकायचंय?

धाकटा : झालं सुरू! काही विकायचं नाहीये मला. आईला माझ्याकडे न्यायचंय. घर बंदच राहणार, तर निदान स्वच्छ करून बंद करू म्हटलं.

ताई : ती हो म्हणाली?

धाकटा : म्हणेल.

ताई : म्हणेल! तिची अट विसरलास वाटतं. मागच्या नळावरून एकटीनं बादली भरून आणता येते तोवर न्यायचं नाव काढायचं नाही. अजून रोज आणते ती. वर्षातून एकदा येणाऱ्याला कुठून माहीत असणार म्हणा.

धाकटा : तू गल्लीच्या टोकाला राहतेस म्हणून फार मोठी सेवा करतेस का?

ताई : मी निदान भिंती तरी पाडत नाही. ह्या विटा बघ. सांध्यात माझं बोट जातंय. विटांना बागेतल्या पाइपची हलकी धार पुरते, वरून खाली. आणि हा रंगवलेला भाग! ह्याला स्पंज लागतो रे बाबा, नुसता स्पंज. आता चट्टे बघ कसे पडलेत.

धाकटा : रंग जुनाच होता.

ताई : तूही जुनाच आहेस, तुझं सालपट काढू का? आणि अंगणातली फरशी? शेवाळानं हिरवीगार आहे. सगळ्या घरात तेवढी एक गोष्ट ह्या मशीनला पुरून उरली असती. नेमकी तीच सोडलीस.

धाकटा : ती शेवटी करणार होतो.

ताई : हो, आधी केली असतीस तर चुकून काहीतरी बरोबर झालं असतं ना. मागे काय दिवे लावलेस?

धाकटा : मागची भिंत तर सगळ्यात झकास झालीय. कोपऱ्याजवळ गिलाव्याचा तो घाणेरडा फुगवटा होता बघ, वाटीएवढा? धार मारली तसा गळून पडला. उरलेला खरवडला. एकदम सपाट.

ताई : तो फुगवटा पाडलास?

धाकटा : मग काय पूजायचा होता?

ताई : अरे, गेल्या खेपेला गवंडी तो काढायला निघाला तर आईनं त्याला घराबाहेर काढलं. मलाही ती भिंत धुऊ देत नाही. स्वतः धुते, तेही नुसत्या हातानं. ब्रश नाही, स्पंज नाही. तळहात फिरवत बसते. मला वाटायचं, हट्टीपणा आहे झालं.

धाकटा : हट्टीपणाच तो. आता येईल आणि माझी खरडपट्टी काढेल.

(आई रिकामी बादली घेऊन दारात येते.)

आई : संपलं का तुमचं? शेजाऱ्यांनी रेडिओ बंद केला, तुमचाच कार्यक्रम बरा म्हणून.

धाकटा : आई, बघ. कसं दिसतंय घर?

आई : छान. लख्ख झालंय.

ताई : काय?

आई : लख्ख झालंय म्हटलं. पोरानं कष्ट केलेत, दोन शब्द चांगले बोलावेत माणसानं.

धाकटा : तू? चांगले शब्द? मला गणितात पैकीच्या पैकी पडले तेव्हा तू म्हणाली होतीस, पेपर सोपा असेल.

आई : होताच सोपा.

ताई : आई, तुझ्यासमोरच्या भिंतीचा अर्धा रंग गेलाय. एवढे मोठे चट्टे दिसत नाहीत तुला?

आई : माझ्या डोळ्यांची हजेरी घ्यायला आलीस का? व्हा बाजूला, पाणी आणायचंय.

धाकटा : मी आणतो ना.

आई : तुला सांगितलं का मी? सर. अगं बाई, ह्या चौकटीला काय झालं? लाकडाला दाढी फुटली की काय? आणि ह्या विटा... सगळं पोखरून ठेवलंय मेल्यानं. हां, वळला कोपरा, ही मागची खिडकी. आता इथे... इथेच तर... कुठे गेला?

ताई : आई, थांब! पाय उचलू नकोस!

आई : किंचाळू नकोस. थांबलेय मी.

धाकटा : काय शोधतेस तू?

आई : फुगवटा. तो हाताला लागला की पुढे दोन पायऱ्या खाली उतरतात.

धाकटा : अगं, पायऱ्या तर समोर दिस...

ताई : गप्प बस. आई, कधीपासून?

आई : कधीपासून काय, एका दिवसात जातात का डोळे? उजेड कळतो. तुम्ही दोघं उभे आहात तेही कळतं. कोण कुठला ते तोंड उघडलं की समजतं, आणि तोंडं काही तुमची मिटत नाहीत.

ताई : डॉक्टरांकडे जाऊ या. आजच.

आई : जाऊन आलेय. आता काही होणार नाही म्हणाले. फार वाईट तोंड केलं असणार बिचाऱ्यांनी, मला कुठलं दिसायला.

धाकटा : आई, म्हणजे आता...

आई : बोल ना. अट माझीच होती. नळ तिथे आहे आणि मी बादली घेऊन इथे अडकलेय. जिंकलास तू.

धाकटा : मी काही म्हटलं नाही.

आई : तुझ्या घरी सगळ्या भिंती गुळगुळीत. जिना कुठे, न्हाणीघर कुठे, हाताला काही कळत नाही. मागच्या खेपेला कपाटात शिरले होते मी, आणि तुझी बायको हसली. मीही हसले. तिथे मी खरी आंधळी होईन रे. मला भीती वाटते तुझ्या घराची.

धाकटा : ...ताई, फुगवटा परत करायला काय लागतं?

ताई : आता विचारतोयस?

धाकटा : विचारतोय.

ताई : चुना, वाळू आणि अक्कल. दोन गोष्टी दुकानात मिळतील.

धाकटा : तिसरी तू दे. कर आज उपकार.

आई : आणि पहिल्यापेक्षा मोठा करू नकोस. तुझ्या हातचं सगळंच अवाढव्य. माझ्या तळहातात मावला पाहिजे.

धाकटा : मग हात दे इकडे. माप घेतो.

आई : घे. पण लगेच सोडू नकोस, पुढे पायऱ्या आहेत.