आवाज बंद केल्यानंतर

संशोधिका : शटर का ओढलंत? मनगट सोडा माझं!

फोरमन : ओरडून घसा बसेल फक्त. ही पत्रा ठोकायची प्रेस चालू असली की बाहेर काही ऐकू जात नाही. धाकटा भाऊ ओरडला माझा, तेव्हा कळलं.

संशोधिका : हा सरळसरळ गुन्हा आहे.

फोरमन : आहेच. आता हात डायवर, या खालच्या साच्यावर. समोर तुमचाच टॅबलेट लावलाय, तो सांगेल की.

संशोधिका : तो गप्प आहे!

फोरमन : मग घाला हात. हेच शिकवलंत ना माझ्या भावाला? वरचा ठोकळा खाली येत असला की टॅबलेट म्हणायचा 'थांब'. गप्प झाला की हात आत, पत्रा सरकवायचा. पोरगा त्या आवाजावर विसंबला. आणि एका सकाळी तुम्ही आवाजच बंद केलात.

संशोधिका : बंद नाही, मागे घेतला. शिकणारा तयार झाला की आधार काढून घ्यायचा, तरच ते शिक्षण त्याचं स्वतःचं होतं. माझ्या प्रबंधाचं गृहीतकच ते आहे.

फोरमन : त्याला सांगितलं होतंत?

संशोधिका : सांगितलं असतं तर तो सावध झाला असता. निष्कर्ष दूषित झाले असते.

फोरमन : वा! निष्कर्ष स्वच्छ राहिले. डाय मात्र मला पुसावी लागली. बोटं खरवडून काढली मी, मॅडम. त्यांचं काय लिहिलंत?

संशोधिका : मार्गदर्शक म्हणाले म्हणून... 'एका सहभागीने प्रयोग मध्येच सोडला.'

फोरमन : सोडला! बरं. हा बघा माझा पाय, प्रेसच्या पायपट्टीवर. दाबला की ठोकळा खाली.

संशोधिका : नको! पाय काढा! बदलते मी ते वाक्य!

फोरमन : वाक्य घालायचंय काय चुलीत? तो भिंतीकडे तोंड करून पडलाय घरी. म्हणतो, 'दादा, मीच ढ. मॅडमनी एवढं शिकवलं, तरी चुकलो.' त्याच्यासमोर बसा आणि सांगा, आवाज तुम्ही बंद केलात. मुद्दाम. त्याला न सांगता.

संशोधिका : सांगते! सांगते म्हटलं ना, हात...

(फोरमन तिचा हात ओढून सोडतो. ठोकळा रिकाम्या डायवर आदळतो.)

संशोधिका : तुम्ही... खरंच दाबलंत.

फोरमन : पोलिसांत खुशाल जा, मी नाकारणार नाही. आधी घरी चला.

संशोधिका : त्याच्यासमोर मला शब्द सुचायचे नाहीत.

फोरमन : काहीही बोला, पण मध्ये थांबू नका. बोलणारा गप्प झाला, की अजून त्याचा हात पुढे जातो. उरलेला.