माझ्या खुर्चीतला डिंक

…नाही, मला आधी एक सांगा, ऊन काय कुणाच्या बापाचं आहे का? नाही ना? मग माझ्या हक्काच्या खुर्चीत, माझ्या हक्काच्या उन्हात, पाव किलो डिंक कुठल्या नात्याने बसतो?

तुम्हाला सांगतो, आमचं घर वारज्याला, दुसऱ्या मजल्यावर. घेतलं तेव्हा दिवसभर ऊन यायचं, आता समोर बावीस मजले उभे राहिलेत. थंडीत आमच्या बाल्कनीत ऊन येतं ते साडेआठला, जातं सव्वानवाला आणि रुंदीला किती? एक खुर्ची! बरोब्बर एक! पस्तीस वर्षं खडकीच्या फॅक्टरीत पहाटेच्या शिफ्टा केलेला माणूस मी, माझे गुडघे थंडीत दाराच्या बिजागरीसारखे वाजतात. आता या वयात मला हवं तरी काय? कानटोपी काढायची, टकलावर ऊन घ्यायचं, आल्याचा चहा, पेपर… पाऊण तास! एवढीच चैन! बाकीच्या सव्वातेवीस तासांत मी कुणाला काही मागतो का? (मागून मिळत नाही, ते वेगळं.)

पण आमच्याकडे उन्हाला रांग असते, रांग! आधी गोधड्या. मग उशा. मग सुनेचे योगाचे कपडे. मग कुंडीतली तुळस, का, तर तिला गारठा सोसत नाही. आणि उरलं तर मी! आणि हे ठरवणार कोण? आमची ही. नाव आनंदी. पुढे मी काही बोलत नाही.

तर गेल्या महिन्यात ही डिंक घेऊन आली. लाडू करायचे. आता डिंकाचं कसं असतं, तळायच्या आधी त्याला चार दिवस कडक ऊन दाखवावं लागतं, तर तो तुपात टरारून फुलतो, नाहीतर आतून कच्चा राहतो आणि दाताला चिकटतो. झालं! साडेआठला मी चहाचा कप घेऊन बाल्कनीत जातो तर खुर्चीत ताट!

म्हटलं, “अगं, मी कुठे बसू?”

“आत बसा की.”

“अगं, पण ऊन…”

“तुम्हाला काय करायचंय ऊन? वाळून वाळून आणखी किती वाळणार आता? डिंक निदान फुलतो तरी!”

ऐकलंत? बेचाळीस वर्षांचा संसार, आणि डिंकाशी तुलना! त्यातही डिंक पहिला!

आणि हा खटाटोप कुणासाठी? तिच्या भावासाठी. सीताराम. राहतो धायरीला, पण बोलतो असा की जणू लाडवांचा सरकारी परीक्षक! सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून ही दर थंडीत लाडू करते, तो येतो, एक लाडू खातो, डोळे मिटतो, आणि म्हणतो, “छान झालेत ताई… पण आईसारखे नाहीत.” दर वर्षी! आणखी चार घेऊन जातो, ते आईसारखे नसलेलेच! आणि हा गेला की ही ओट्याशी जाऊन गुपचूप डोळे पुसते. मला दिसतं. मी पेपर वर धरतो, पण दिसतं हो.

पण म्हणून मी थंडीत मरायचं? ऊन काय सीतारामच्या बापाचं आहे का?

आता ही तेव्हा रोज साडेआठला जायची हास्यक्लबला. घरात हसायला बंदी, ते सोसायटीच्या हॉलमध्ये जाऊन हसायचं, तेही शिट्टीवर! परत यायची सव्वानवाला. लक्षात आलं ना? ही जिना उतरली की मी ताट उचलायचो, बाथरूममधल्या वॉशिंग मशीनवर ठेवायचो आणि खुर्चीत बसायचो. तिच्या चपला वाजल्या की ताट परत खुर्चीत! चार दिवस! काय सांगू तुम्हाला, ते चार दिवस… चोरून घेतलेलं ऊन फार उबदार असतं! आता त्याच वेळी आमचा मुलगा पुष्कर बाथरूममध्ये गीझर रिकामा करेपर्यंत अंघोळ करायचा, सगळीकडे वाफच वाफ, आणि डिंक ओल ओढतो, हे मला काय माहीत? मी फॅक्टरीत काय डिंक बनवत होतो?

लाडू झाले. रविवारी सीताराम आला. बसला. लाडू उचलला. ही समोर उभी, पदराचा बोळा हातात. त्याने चावा घेतला आणि… थांबला. जबडा हलेना! वर जाईना, खाली येईना! डोळे मोठे, मान लाल, मी म्हटलं गेला हा! शेवटी दोन्ही हातांनी लाडू ओढला तर लाडू आला, आणि लाडवाबरोबर समोरचा दात! तोंडात तेवढा एकच स्वतःचा होता, बाकी सगळे दवाखान्यातले! वेलदोडा लावावा तसा दात लाडवावर!

मी हसलो. हो, हसलो! खोटं कशाला बोलू? हास्यक्लबला लाजवेल असा हसलो!

आणि सीतारामच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला वाटलं दुखतंय. तर हा, त्या खिंडारातून वारा सोडत, म्हणतो, “ताई… आईचे! अगदी आईचे! अगं, माझे दुधाचे थगळे दात आईच्या लाडवातच पडले होते!”

आता मला कळलं! सासूबाईंचं घर अरुंद गल्लीत, तिथे ऊन उतरायचंच नाही. डिंक वाळणार कुठून? त्या बाईने आयुष्यभर कच्चा डिंक खाऊ घातला, आणि पोरं त्याला चव समजत राहिली!

ही ढसाढसा रडली. भावाच्या गळ्यात पडली. म्हणाली, “बारा वर्षांनी म्हणालास रे!” मी दाताचं विचारलं तर ही म्हणे, “दात काय, आज ना उद्या पडणारच होता.” मग माझ्याकडे वळून, “बघितलंत? चार दिवस कडक ऊन दाखवलं, त्याचा गुण आहे हा!”

मी तोंड उघडलं होतं हो. सांगणार होतो. पण तिचा तो चेहरा… बेचाळीस वर्षांत नाव शोभलं असं पहिल्यांदाच वाटलं. उघडलेल्या तोंडात लाडू घातला. चिकटलाच होता, बोलणार कसा?

आता झालंय काय, सीतारामने आणखी दोन किलो लाडू सांगितलेत. हिने हास्यक्लब सोडला. रोज साडेआठला स्वतः बसते, माझ्या खुर्चीत, डिंकाचं ताट मांडीवर, पाठीवर ऊन. कबुतरं येतात म्हणे! आणि डिंक वाळतोय की! खडखडीत! असाच तळला तर फुलणार, कुरकुरीत होणार, आणि तो धायरीचा परीक्षक पुन्हा म्हणणार, “आईसारखे नाहीत!” मग ही पुन्हा ओट्याशी.

म्हणून दुपारी ही आडवी झाली की मी उठतो, ओला रुमाल घेतो, आणि दोन किलो लाडवांचा डिंक एकेक खडा करून पुसतो. सकाळी ही वाळवते, दुपारी मी भिजवतो. ऊन तर गेलंच, वर गार पाण्यात हात… काल सुनेने पाहिलं. “बाबा, हे काय करताय?” म्हणून विचारलं.

काय सांगणार? म्हटलं, “काही नाही गं. माझ्या सासूबाईंचा स्वयंपाक करतोय.”